पांगारकोंडचं आरोग्यमंदिर

१२ जानेवारी १९५९, सोमवार

आमच्या मुलानं, सहदेवनं, मुंबईहून ही डायरी पाठवली. गिरणीत आमचे स्पिनिंग मास्तर रोज डायरी लिहायचे. मी जन्मभर त्यांच्या हाताखाली जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम होतो, पण तेव्हा माझ्याकडे लिहिण्यासारखं काही नव्हतं. आता आहे.

काल गावकीची बैठक झाली. पोलादपूरहून विकास गटाचे साहेब आले होते. म्हणाले, तुम्ही श्रमदानानं इमारत उभी करा, सरकार कंपाउंडर आणि औषधं देईल. डोंगरातल्या म्हाताऱ्या बायका पोलादपूरला उतरू शकत नाहीत म्हणून घरातच मरतात, असंही ते म्हणाले. मला ते फार लागलं. मी उभा राहून तसं बोललो, आणि तिथल्या तिथे आरोग्यमंदिर समितीचा अध्यक्ष म्हणून माझं नाव सर्वानुमते मंजूर झालं. गोमाजीनं मध्येच स्वतःचं नाव सुचवून पाहिलं, पण अनुमोदन कुणी दिलं नाही. तो उपाध्यक्ष.

रात्री जेवताना कुटुंबाला सांगितलं. कुटुंब, म्हणजे ठमाबाई, चुलीपुढं हल्ली मांडी घालून बसत नाही. एका कुशीवर रेलून भाकऱ्या भाजते. एकेका माणसाची लकब असते. सगळं ऐकून घेतल्यावर तिनं एकच विचारलं, "त्या दवाखान्यात बाई असंल का हो?"

म्हटलं, "बाई कशाला? कंपाउंडर येणार. शिकलेला."

"तसं न्हवं. बाईला बाई बरी असती."

मी तिला समजावून सांगितलं की औषध ही शास्त्रीय गोष्ट आहे, त्यात बाई-पुरुष नसतं. तिनं भाकरी उलटली. पटलेलं दिसलं.

२ फेब्रुवारी, सोमवार

जागेवरून वाद. गोमाजीचं म्हणणं, खालच्या अंगाला पाणवठ्याजवळ बांधू. म्हणजे त्याच्या घराजवळ. मी देवळासमोर पाराला लागून जागा नक्की केली. तिथे सकाळ-संध्याकाळ चार माणसं बसलेली असतात. आल्यागेल्याला इमारत दिसेल, गावाची शोभा वाढेल.

शेजारची राहीबाई आमच्या ओट्यावर बसली होती. विधवा बाई, तोंडाची फटकळ, पण कुटुंबाला तिची सोबत असते. मी इतकी वर्षं मुंबईत असताना ह्या दोघीच होत्या म्हणायच्या. ती म्हणाली, "भाऊजी, पारावर बाप्ये बसत्यात. त्यांच्या म्होरनं जाऊन कोन बाई दुखनं सांगंल?"

म्हटलं, "आजारी माणसानं लाजायचं कशाला?"

राहीबाई कुटुंबाकडे बघून हसली. कुटुंब हसलं नाही.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

श्रमदान जोरात चालू आहे. पुरुष पाया खणतात, बायका ओढ्यातून दगड आणतात. मी उन्हात उभा राहून देखरेख करतो. हे काम दिसतं त्याहून कठीण आहे.

आज जरा वाईट वाटलं. कुटुंब डोक्यावर पाटी घेऊन चढताना दोनदा वाटेत बसलं. एकदा तर पाटी बाजूला टाकून करवंदीच्या जाळीमागे गेली ती बराच वेळ आलीच नाही. बाकीच्या बायकांच्या दोन खेपा झाल्या. लोकांनी पाहिलं. मी सगळ्यांदेखत म्हटलं, "अध्यक्षाच्याच घरचं माणूस मागं राहिलं तर गावानं कुणाकडं बघायचं?" ती उठली आणि पाटी उचलली. राहीबाईनं त्यातले दगड काढून आपल्या पाटीत घातले. असं केलं की शिस्त राहत नाही, पण मी चालवून घेतलं.

संध्याकाळी ती पुन्हा पाण्यावर गेली. दिवसातून कितीदा जाते, धडप्यांची बोचकी धुऊन आणते. गिरणीत इतकी माणसं हाताखालून गेली, पण स्वच्छतेची एवढी आवड मी कुणात पाहिली नाही.

२६ मार्च, गुरुवार

शिमग्याला सहदेव येऊन गेला. म्हणाला, "बाबा, आई किती वाळली!" म्हटलं, कामाचं शरीर आहे, वाळणारच. तो म्हणाला, मुंबईला दाखवायला नेऊ का. तिलाच विचारलं. ती म्हणाली, "मला काय बी नाय झालं रे." पोटच्या पोराला ती खोटं कशाला सांगेल? विषय मिटला.

भिंती छातीपर्यंत आल्या.

१० एप्रिल, शुक्रवार

उद्घाटनाचं ठरलं. जिल्ह्याचे मोठे साहेब सपत्नीक येणार. माझं भाषण लिहून झालं. आज दुपारी कुटुंबाला वाचून दाखवलं. ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती. बस म्हटलं तर बसली नाही.

मी वाचलं: "आपल्या ह्या डोंगरदऱ्यांतल्या वृद्ध माता आयुष्यभर ओझी वाहतात, शेतं लावतात, मुलं वाढवतात, आणि स्वतःचं दुखणं पदराआड लपवून ठेवतात. त्यांचं दुखणं विचारणारं कुणी नाही!" इथे आवाज चढवून थांबायचं असं ठरवलं आहे. टाळ्यांसाठी.

ती म्हणाली, "कोन हो ह्या बाया?"

"कोण म्हणजे? आपल्याच. इथल्याच."

"बरं लिवलंय," ती म्हणाली. मग, "तुमाला ठाव हाय व्हय त्यांचं दुखनं?"

म्हटलं, "तेच तर! त्या सांगतच नाहीत."

ती काहीतरी बोलणार होती असं वाटलं. तेवढ्यात गोमाजी मांडवाच्या बांबूंचं विचारायला आला. नंतर मी तिला विचारलं की काय म्हणत होतीस. म्हणाली, "काय नाय. वैरन संपली."

३ मे, रविवार

सोन्याचा दिवस! साहेब पोलादपूरहून पायी चढून आले. साहेबांच्या बाईसाहेबांना डोलीत बसवून आणलं. कुशाबा आणि त्याच्या भावांनी डोली इतकी सुरेख आणली की बाईंच्या हातातली पिशवीसुद्धा हलली नाही. फीत कापली. नारळ फोडला. भाषण उत्तम झालं. 'विचारणारं कुणी नाही' ह्या वाक्याला टाळ्या पडल्या. साहेबांनी मान डोलावली. बाईसाहेबांनी डोळ्यांना रुमाल लावला.

बायका देवळाच्या मागच्या अंगाला बसल्या होत्या. तिथून त्यांना ऐकू आलं की नाही, कळलं नाही.

बाईसाहेबांनी मला विचारलं, "अध्यक्षांच्या सौभाग्यवती दिसत नाहीत?" म्हटलं, तिला सभा-समारंभाची आवड नाही. ती घरी पाहुण्यांच्या पंक्तीचा रांधा करत होती. कोंबड्याची सागुती अशी झाली होती की साहेबांनी दुसऱ्यांदा मागून घेतली.

पाहुणे गेल्यावर घरी आलो तर कुटुंब अंथरुणावर होतं. अंग तापलेलं. भांडी मात्र सगळी घासून पालथी घातली होती. चुलीपुढच्या धगीनं झालं असणार. म्हटलं, आता काय काळजी, दवाखाना आपलाच आहे. उद्या कंपाउंडरकडून पुडी आणतो.

९ मे, शनिवार

कंपाउंडर रावजी चांगला मुलगा आहे. नाडी बघतो, पुड्या बांधतो. पहिल्या आठवड्यात गर्दी झाली. पुरुषांच्या पाठी, पुरुषांचे गुडघे, पोरांचे खोकले. बायका आल्या त्या पोरांना घेऊन. एकही म्हातारी स्वतःसाठी आली नाही. मी स्वतः पारावर बसून दोन दिवस लक्ष ठेवलं. वरच्या कोंडावरच्या वस्तीतली आवडी म्हातारी वाकत वाकत पारापर्यंत आली, माझ्याकडे पाहिलं, पदर ओढला आणि देवळात जाऊन पाया पडून परत गेली.

ह्यावरून एकच गोष्ट दिसते. आपल्या डोंगरातली हवा आणि कष्ट यांमुळे म्हाताऱ्या बायका मुळातच निरोगी आहेत. साहेबांना हे कळवायला हवं. गोमाजीला अहवालात तसा मुद्दा घालायला सांगितलं.

कुटुंबाला पुडीचा गुण आला नाही. रावजी म्हणाला, घेऊन या, तपासतो. ती म्हणाली, "त्या पोरापुढं? मेले तरी नाय." मी ओरडलो. अध्यक्षाची बायकोच दवाखान्यात गेली नाही तर बाकीच्या कशा येणार? तिनं भिंतीकडे तोंड केलं.

१४ मे, गुरुवार

कुटुंब माहेरी जायचं म्हणतं. भावाला भेटून पुष्कळ दिवस झाले म्हणे. पेरणी तोंडावर आली, घरात गुरं, आणि हिला माहेर आठवलं! तरी मी मोठ्या मनानं चार दिवसांची परवानगी दिली. राहीबाई सोबत जाणार आहे. पाऊस पडायच्या आत परत ये असं बजावलं.

निघताना तिनं तांदळाचा डबा कुठं आहे, मीठ कुठं आहे, गाभण म्हशीला काय घालायचं, सगळं दोनदा सांगितलं. मग उंबऱ्यात थांबून म्हणाली, "येते हां." चार दिवसांसाठी माणूस इतकं सांगतं का?

१६ मे, शनिवार

भात करपला. कालही करपला होता.

कुशाबा येऊन एक विचित्र गोष्ट सांगून गेला. परवा पोलादपूरच्या वाटेवर खिंडीत त्याला बायका डोली घेऊन जाताना दिसल्या. पुढं राहीबाई, आणि मागं वरच्या कोंडावरच्या बाया. एकही बाप्या नाही. त्यानं विचारलं, कोण हाय डोलीत? तर राहीबाई म्हणाली, शेतात राब भाजायला पाला नेतोय. खाली, उताराला, पाला!

मी त्याला म्हटलं, "कुशाबा, भरदुपारी पीत जाऊ नकोस." बायकांनी डोली उचलली असं कुणी ऐकलं आहे का? आणि राहीबाई तर कुटुंबाबरोबर माहेरी गेली आहे.

१८ मे, सोमवार

लिहायला हात वळत नाही, तरी लिहितो.

दुपारी राहीबाई एकटीच आली. घामानं भिजलेली. ओट्यावर बसली, पाणी मागितलं. माझ्याकडे मागितलं, कारण घरात दुसरं कुणी नव्हतं. मी आणून दिलं. पिऊन झाल्यावर म्हणाली, "भाऊजी, ठमी महाडात हाय. बायकांच्या हास्पिटलात. ती माहेरी गेलेलीच नाय."

मला वाटलं, मेली.

"जित्ती हाय. पन उद्याच्याला निगा. परवापत्तूर पोचायला पायजे. बेस्तरवारी मुंबैचा मोठा डाक्तर येनार, आपरेशन करनार. मग पाऊस लागला की त्यो येत नाय."

"ऑपरेशन? कसलं?"

राहीबाईनं अंगणाकडे पाहिलं. "बायकांचं."

"मला न सांगता? नवऱ्याला न विचारता? कुणी नेलं तिला?"

"आमी नेलं. खांद्यावर."

म्हणजे कुशाबा प्यायलेला नव्हता.

मी फार बोललो. गावात दवाखाना असताना महाडला कशाला, लोक काय म्हणतील, अध्यक्षाचं नाक कापलं, असं पुष्कळ. राहीबाईनं सगळं ऐकलं. मग म्हणाली, "झालं? आता ऐका. तुमच्याबिगर सगळं झालं असतं तर मी हा डोंगर परत चढून आलेच नसते. डाक्तरीनबाई म्हनते, नवऱ्याची सही लागती."

१९ मे, मंगळवार. महाड

म्हैस गोमाजीच्या पोरीकडे सोपवून निघालो. पोलादपूरहून एस.टी.नं संध्याकाळी पोचलो. दवाखान्यात बायकांच्या खोलीत पुरुषांना सोडत नाहीत. ओसरीवर बसवलं. शेवटी डॉक्टरीणबाई आल्या. चष्मा, पांढरं पातळ, वयानं सहदेवएवढ्या.

मी ओळख करून दिली की मी पांगारकोंडच्या आरोग्यमंदिर समितीचा अध्यक्ष.

त्या म्हणाल्या, "असं? मग तुम्हाला समजावणं सोपं जाईल."

त्यांनी जे सांगितलं ते इथे लिहू की नको असं झालं आहे. पण ही डायरी खाजगी आहे. कुटुंबाचं गर्भाशय खाली उतरलं आहे. नुसतं उतरलं नाही, बाहेर आलं आहे. ते ती कपड्यानं आत बांधून हिंडत होती. घासून घासून जखम झाली, ती चिघळली, त्याचाच ताप. म्हणाल्या, "ओझं उचललं की बाहेर येतं. खाली बसलं की दुखतं. लघवी धरवत नाही, म्हणून सारखे कपडे धुवावे लागतात. ह्या बाई फेब्रुवारीत दगड वाहत होत्या म्हणे. कुणी लावलं त्यांना त्या कामाला?"

मी सांगितलं की ते श्रमदान होतं.

"हे कधीपासून आहे?" मी विचारलं.

"शेवटच्या बाळंतपणापासून. मूल गेलं, आणि पाचव्या दिवशी ह्या लावणीला उभ्या राहिल्या."

ते सहदेवच्या पाठचं मूल. मी तेव्हा मुंबईत होतो. मला ते साल चांगलं आठवतं. त्याच साली मी जॉबर झालो. खोलीतल्या सगळ्या गाववाल्यांना पेढे वाटले होते.

बाई म्हणाल्या, ऑपरेशननंतर काही महिने काहीच उचलायचं नाही, आणि पुढे जन्मभर जड उचलायचं नाही. पाणी नाही, मोळी नाही, लावणीत वाकायचं नाही.

मी विचारलं, "मग घरचं शेत कोण करणार?"

बाईंनी विचारलं, "घरात आणखी कोण असतं?"

"कुणी नाही. मी असतो."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि आत गेल्या.

२० मे, बुधवार. महाड

रात्र धर्मशाळेत काढली. सकाळी माझं असं ठरलं होतं: सही करायची नाही. तिला घरी न्यायचं, जखमेवर औषध लावायचं. इतकी वर्षं निभलं, पुढंही निभेल. ह्या वयात पोट कापून घेणं म्हणजे जिवाशी खेळ. आणि गावात कसलं ऑपरेशन म्हणून सांगायचं? हे सगळं नीट मुद्देसूद बोलायची तयारी करून गेलो.

डॉक्टरीणबाईंनी तिला ओसरीवर आणवलं. दोन बायकांच्या आधारानं आली आणि बाकावर एका कुशीवर बसली. तोंड पांढरं पडलेलं. पदर सावरला. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असं समोरासमोर, मध्ये चूल नाही, ताट नाही, नुसतं बोलायला आम्ही कधी बसलो होतो ते मला आठवेना.

मी मुद्दे सुरू केले. तिनं पहिला ऐकला. दुसऱ्याला म्हणाली, "म्हशीला चारा कोन घालतंय?"

"गोमाजीची पोर."

"बरं." मग म्हणाली, "तुमी सही करा, नायतर नका करू. मी माजा अंगठा दिलाय. पन माज्या अंगठ्यावर चालत नाय म्हनत्यात." जरा दम घेतला. "अंग माजं, अन् अंगठा तुमचा लागतोय. ह्ये बी नवलच."

रागानं नाही बोलली. खरंच नवल वाटल्यासारखी बोलली.

म्हटलं, "तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"कवा सांगू? तुमी शिमग्याला याचा अन् गनपतीला याचा. तवा घर मानसांनी भरलेलं. आता कायमचे आलाव तर समितीत गुतलाव." मग खाली बघत म्हणाली, "अन् शब्द तर पायजे ना. त्याला शब्दच नाय आमच्यात. राहीला बी मी बोलून नाय सांगितलं. धुनं धुताना तिनं बघितलं."

"आणि ऑपरेशनमध्ये काही झालं तर?"

"तर मुकी तरी नाय मरायची. ह्या डाक्तरीनबाईला सगळं सांगितलं मी. पयल्यांदा." आणि रडायला लागली. माझी आई गेली तेव्हा मी तिला रडताना पाहिलं होतं, पण ते रीतीचं रडणं होतं. हे तसं नव्हतं. हिला थांबता येईना. मी खिशात रुमाल शोधला तर उद्घाटनाच्या दिवसाचा सत्काराचा रुमाल निघाला. तोच दिला.

मग कागद आणला. मुद्दे राहून गेले. मी सवयीनं लिहिलं: भागोजी हैबती उतेकर, अध्यक्ष, आरोग्यमंदिर समिती, पांगारकोंड.

डॉक्टरीणबाईंनी वाचलं. "हे अध्यक्ष वगैरे खोडा. इथे नातं लिहायचं."

मी खोडलं. 'नवरा' असं लिहिलं. हा शब्द मी कधी लिहिला नव्हता. काना नीट पडला की नाही ते पुन्हा बघितलं.

२१ मे, गुरुवार

दिवसभर ओसरीवर. आत काय चाललं ते कळत नाही. माझ्यासारखे आणखी दोघं बसले होते. एकानं विडी पुढं केली. ओढली.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई दारात आल्या आणि हसल्या. मी विचारायचं ते विसरलो आणि नमस्कार केला.

४ जून, गुरुवार

ठमाला घरी आणलं. कुशाबाच्या भावांनी डोली उचलली. बाईसाहेबांच्या वेळी सगळं गाव वेशीवर आलं होतं, आज कुणी बाप्या आला नाही. कुटुंब कशासाठी महाडला राहिलं असं गोमाजीनं विचारलं. मी म्हटलं, पोटाचं. त्यानं पुढं विचारलं नाही. आमच्यात तसं विचारत नाहीत.

बायका मात्र आल्या. बघायला आल्या. ठमा अंथरुणावर टेकून बसली होती, सरळ, मांडी घालून. आवडी म्हातारीनं तिच्या मांडीवर हात ठेवून दाबून पाहिलं, जसं काही खरी आहे का ते बघावं.

१० जुलै, शुक्रवार

लावणी. ठमा बांधावर घोंगडीची खोळ घेऊन बसते आणि मला शिकवते. "खोल रोवा. इतकं नको खोल. अवो, ती ओळ कुठं चालली?" माझी कंबर मोडली आहे. गिरणीत इतकी वर्षं काम केलं, पण हे असं वाकणं नव्हतं. दुपारी चिखलातच बसलो. पलीकडच्या शेतातून लोक बघत होते. ठमा म्हणाली, "उठा. अध्यक्षाच्या घरचं मानूस मागं राहिलं तर लोक काय म्हनतील?"

मी कधी असं बोललो होतो का? बोललो असेन. राहीबाई इतकी हसली की खाली बसली.

१३ सप्टेंबर, रविवार

आरोग्यमंदिराची हकिकत. रावजी कंपाउंडर म्हणतो, उपस्थिती वाढली आहे, पण औषधं तेवढीच खपतात. मी चौकशी केली. मंगळवारी ठमा दवाखान्याच्या मागच्या पडवीत जाऊन बसते. बायका तिच्याकडे येतात. कोंडाकोंडांवरून येतात, पावसातून. एकेक जण जवळ सरकून कानात काहीतरी बोलते, ठमा विचारते, ती मान हलवते. रावजीला तिथे जायला मनाई आहे. मंगळवारी पारावरही कुणी बसायचं नाही असं राहीबाईनं परस्पर जाहीर केलं आहे.

समितीची परवानगी न घेता हे चाललं आहे. काय ते बघावं म्हणून गेल्या मंगळवारी मी पडवीत गेलो. सगळ्यांनी पदर ओढले.

"भाऊजी, तिकडं व्हा," राहीबाई म्हणाली.

"मी अध्यक्ष आहे," मी म्हटलं.

"म्हनूनच."

मी देवळात जाऊन बसलो. संध्याकाळी साहेबांसाठी लिहिलेल्या अहवालाची प्रत काढली. 'म्हाताऱ्या बायका मुळातच निरोगी आहेत' हा मुद्दा गोमाजीनं सुवाच्य अक्षरात लिहिला आहे. तो मे महिन्यातच पाठवून झाला. साहेबांचं उत्तरही आलं आहे. निष्कर्ष समाधानकारक असल्यामुळे पांगारकोंडला बाई-परिचारिकेची गरज दिसत नाही, असं त्यात आहे.

मी नवा अहवाल लिहायला बसलो. 'दुरुस्ती' असं वर लिहिलं. पुढं काय लिहायचं ते ठमाला विचारलं. ती म्हणाली, "आधी लिवा, बाई पाठवा. बाकी मग बाई लिवंल."

तसंच लिहिलं. उत्तर अजून नाही.

५ नोव्हेंबर, गुरुवार

पहाटेच राहीबाईनं दार वाजवलं. गोमाजीच्या आईला, चंद्राबाईला, महाडला न्यायचं आहे. त्या डॉक्टरीणबाईंकडे. म्हातारी सत्तरीच्या पुढची. कापणीचे दिवस, कुशाबा आणि त्याचे भाऊ खळ्यावर. डोलीला माणसं नाहीत.

"बायका नेतात ना?" मी विचारलं.

"बायका भारा वाहतायत. तुमी या."

मी म्हटलं, माझं वय. राहीबाईनं ठमाकडे पाहिलं. ठमानं माझं पागोटं आणून दिलं.

बांबूच्या पुढच्या टोकाला गोमाजी, मागं मी. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष. आम्ही दोघांनी मिळून एकमतानं केलेलं हे पहिलंच काम असावं. खिंडीपर्यंतच आमच्या खांद्यांची सालं निघाली. डोलीतून म्हातारी सारखी बजावत होती, "नीट चला रं मेल्यांनो, मी काय मिठाचं पोतं हाय?"

एका वळणावर डोली टेकवली तेव्हा गोमाजीनं हळूच विचारलं, "आईला काय झालंय रे?"

"मला कुणी सांगितलं नाही," मी म्हटलं.

"मला पण नाय." मग म्हणाला, "विचारू का तिला?"

म्हटलं, "विचार. पण मी जरा लांब जातो."

मी पाठ करून उभा राहिलो. बऱ्याच वेळानं म्हातारीचा आवाज ऐकू आला, पण तो बजावायचा नव्हता. गोमाजी परत आला तेव्हा माझ्याकडे न बघता त्यानं बांबू खांद्यावर घेतला आणि पुढचा सगळा उतार तो पाय इतके जपून टाकत होता की मला चाल जुळवणं अवघड गेलं.

ठमा आणि राहीबाई आमच्या पुढं चालल्या होत्या. वाट दाखवायला म्हणून आल्या, पण वाट तर आम्हाला माहीत होती. राहीबाईच्या डोक्यावर गाठोडं होतं. ठमाच्या डोक्यावर काही नव्हतं, कमरेवर काही नव्हतं, हातातही काही नव्हतं. ती दोन्ही हात मोकळे सोडून चालत होती आणि राहीबाईला काहीतरी सांगत होती, मोठ्यानं. मी इतकी वर्षं तिचा नवरा आहे, पण तिला असं चालताना कधी पाहिलं नव्हतं.

म्हटलं हाक मारून जरा थांबायला सांगावं. मग राहू दिलं.